बुरशीचं तेज

कॉम्प्युटरच्या पडद्यावर ताईंचा चेहरा उघडला. बायकोने हातातला कप आवाज न करता टेबलावर ठेवला. ताई, म्हणजे बायकोची थोरली बहीण, पुढे वाकून बघायला लागल्या, मग चष्मा लावून आणखी पुढे वाकल्या. फोटो काढणारे बारकावे मात्र मागे उभे राहून, पोटच्या पोराने पहिलं पाऊल टाकावं तसे हसत होते.

“हे काय आहे?” ताईंनी पडद्यावर बोट ठेवलं.

“छिद्र,” बारकावे अभिमानाने म्हणाले. “त्वचेचं छिद्र. थांबा, अजून मोठं करून दाखवतो. ही बघा पापणीवर राहिलेली पावडरची कणी! साध्या लेन्सला हे बापजन्मात जमणार नाही.”

“आणि ही मिशी कोणाची?”

बारकाव्यांनी फोटो पुन्हा लहान केला. बायकोला उत्तर माहीत होतं, पण ती कपाकडे बघत राहिली.

बारकावे हे त्यांचं आडनाव नव्हे. विमा कंपनीच्या ऑफिसात ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासायचं त्यांचं काम. ओरखडा कालचा की गेल्या वर्षीचा, दिवा धडकेने फुटला की मालकाने हातोडीने फोडला, हे ते नुसत्या फोटोवरून सांगत. त्यावरून ऑफिसने नाव ठेवलं ‘बारकावे’, आणि ते इतकं चिकटलं की घरी येणारा कुरिअरवालाही ‘बारकावे इथेच राहतात ना’ म्हणून विचारायचा. फोटोग्राफी हा त्यांचा छंद. या नव्या लेन्सचा ध्यास त्यांनी कितीतरी दिवस घेतला होता. जेवताना ताटाशेजारी मोबाईल उभा करून, कोणीतरी दाढीवाला या लेन्सने विटांची भिंत टिपतो आणि अगदी कोपऱ्यातली वीटही कशी लख्ख येते हे सांगतो, ते बघत बसायचे. बायको म्हणायची, “दुसरा नवरा सिनेमा तरी बघतो. माझा भिंत बघतो.”

शेवटी लेन्स घरात आली आणि नेमक्या त्याच आठवड्यात ताईंना फोटो हवा झाला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पार्लरमध्ये राबून त्या आता स्वतःचं ब्युटी पार्लर काढत होत्या. पाटीवर त्यांचाच मोठा चेहरा लागणार होता. मोबाईलने फोटो त्यांनी काढून पाहिला होता, पण मोबाईलने त्यांना इतकं गुळगुळीत केलं होतं की पाटीएवढा मोठा केल्यावर तो मेणाचा पुतळा वाटायला लागला.

“अहो, रविवारी उद्घाटन आहे,” ताई उठत म्हणाल्या. “हा फोटो लावला तर लोक कातडीचा दवाखाना समजून आत येतील.”

“ताई, पण लेन्स खोटं बोलत नाही हो.”

“मग तिच्याशीच लग्न करायचं होतंत! माझ्या बहिणीला कशाला गोवलंत?”

दार आपटलं. बायकोने नवऱ्याकडे वळून विचारलं, “कॉम्प्युटरवर जरा पुसून-बिसून नाही का देता येत?”

“मी काढलेल्या फोटोला नंतर हात लावत नाही. तत्त्व आहे माझं.”

“बरं. मग उद्या सकाळी पार्लरवर जायचं आणि नवीन काढून द्यायचा. बॅग मी भरून ठेवते. तू फक्त तत्त्व घेऊन जा.”

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये रंगाचा वास मारत होता. ताई खिडकीपाशी नटून, ओठ आवळून बसल्या होत्या. बारकाव्यांनी बॅग उघडली. आत नवी लेन्स नव्हतीच. होती ती मामांची जुनी लेन्स. घर आवरताना मामांनी ती भाच्याच्या गळ्यात मारली होती. तिच्या आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती, आणि एका लेन्सची बुरशी दुसरीला लागते म्हणून बारकाव्यांनी तिला घराबाहेरच्या चपलांच्या कपाटात टाकलं होतं. कोपऱ्यात जाऊन त्यांनी घरी फोन लावला.

“माझी लेन्स कुठाय?”

“घरी. एकदम सुखरूप.”

“आणि ही?”

“तीही लेन्सच आहे ना? गोल आहे, काच आहे. काढ फोटो.” फोन बंद झाला.

परत घरी जाऊन येण्याएवढा ताईंचा धीर टिकणार नव्हता. बारकाव्यांनी मनातल्या मनात मामांची क्षमा मागितली, जुनी लेन्स चढवली आणि डोळा लावला. समोर सगळं धुकं. ताईंचे केस कुठे संपतात आणि मागची भिंत कुठे सुरू होते, याचा पत्ता नाही. तरी त्यांनी धडाधड बटण दाबलं आणि, आता जी काय बोलणी बसतील ती बसोत, म्हणून कॅमेरा ताईंपुढे धरला.

ताईंनी कॅमेरा हातात घेऊन जवळ धरला. मग पदार्थ चाखून बघावा तसं सावकाश म्हणाल्या, “ही मी आहे?”

“तुम्हीच.”

“किती दिवसांनी भेटतेय हिला.” आणि त्यांनी रुमाल शोधला.

खिडकीतला उजेड बुरशीत अडकून ताईंच्या चेहऱ्यावर सांडला होता. सुरकुत्या विरघळल्या होत्या, डोळे तेवढे चमकत होते. चोरी करून बक्षीस मिळावं तसं तोंड करून बारकावे घरी आले.

“तुला कसं माहीत, असं होणार ते?” त्यांनी बायकोला विचारलं.

“चपलांचं कपाट आवरताना सहज डोळ्याला लावून बघितली होती. समोर तू उभा होतास.” ती भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही. “बरा दिसत होतास.”

पाटी लागली आणि गावभर झाली. पार्लरमध्ये येणारी प्रत्येक बाई आधी विचारायची, “फोटो कोणी काढला?” ताई सांगायच्या, “आमच्या मेहुण्यांनी. त्यांच्याकडे एक खास लेन्स आहे, आता तशी बनतच नाही.” बारकावेही खरं सांगू शकेनात. ‘तुमच्या चेहऱ्यावर जे तेज आहे ना, ती बुरशी आहे’ हे कोणाला सांगणार?

मग साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे ऑफिसचे व्यवस्थापक. सगळ्यांची ओळखपत्रं नवी व्हायची होती. “बारकावे, ते पाटीवालं काहीतरी काढा ना,” साहेब म्हणाले. बारकाव्यांनी काढलं. नवं ओळखपत्र गळ्यात घालून साहेब सकाळी आले, तर फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने त्यांना अडवलं.

“हे कार्ड तुमचं नाही.”

“मग कोणाचं?”

“तुमच्या धाकट्या भावाचं असेल. त्यांना पाठवा, सोडतो.”

साहेब एरवी असल्या गोष्टीवर फाटक डोक्यावर घ्यायचे. त्या दिवशी ते पहारेकऱ्याच्या जवळ सरकले आणि म्हणाले, “काय म्हणालास? जरा मोठ्याने म्हण, मागच्या लोकांना ऐकू गेलं नाही.”

त्यानंतर बारकाव्यांच्या टेबलापुढे रांग लागली. लग्न जमवायला, नोकरीला, नाहीतर नुसतंच भिंतीवर लावायला, सगळ्यांना त्या लेन्सचाच फोटो हवा. कोणी नव्या लेन्सचं नाव काढलं तर ताईंची मिशी आठवून लोक मागे सरत. ती गोष्टही कशी कोण जाणे बाहेर फुटली होती. नवी लेन्स कपाटात कोरडी ठणठणीत बसून राहिली. बारकावे अधूनमधून कपाट उघडून तिचं झाकण पुसत आणि पुन्हा ठेवून देत.

इकडे बुरशी मात्र स्वस्थ नव्हती. ती वाढत होती. आठवड्यागणिक लोक जास्त सुंदर आणि कमी ठळक होत चालले. टायपिस्ट बाईंच्या फोटोत तर नाक शोधावं लागलं. बाईंनी तो फोटो मोठा करून घेतला. पण बारकाव्यांची झोप उडाली. असंच चाललं तर लवकरच सगळ्यांचे फोटो सारखे येणार, नुसता उजेड. तेवढ्यात साहेबांनी सांगितलं की त्यांचं नाव वरच्या जागेसाठी चर्चेत आहे, मुख्य कार्यालयाला रुबाबदार फोटो हवाय, शुक्रवारी काढायचा.

बारकावे लेन्स घेऊन दुरुस्तीवाल्याकडे धावले. त्याने भिंग डोळ्याला लावून आत बघितलं आणि च्च च्च केलं.

“भरपूर झालीय. काढून टाकतो.”

“काढायची नाही!” बारकावे ओरडले. “फक्त वाढायची थांबवा.”

“म्हणजे?”

“म्हणजे आत्ता आहे तेवढी राहू दे. खरं तर थोडी कमी करा. दोन महिन्यांपूर्वी होती तेवढी.”

दुरुस्तीवाल्याने त्यांच्याकडे असं बघितलं, जसा डॉक्टर ‘खोकला थोडा राहू द्या’ म्हणणाऱ्या पेशंटकडे बघेल. “बरं,” तो म्हणाला. असल्या लोकांशी वाद घालायचा नाही, एवढं त्याला धंद्याने शिकवलं होतं.

शुक्रवारी त्याच्याकडून पुडकं घेऊन बारकावे तडक ऑफिसात पोचले. साहेब कोट घालून तयार. बारकाव्यांनी लेन्स चढवली, डोळा लावला आणि त्यांना घाम फुटला. समोर साहेब होते. पूर्ण साहेब. केसांचा कलप कुठे संपतो ती रेघ, दाढी करताना हनुवटीवर राहिलेले खुंट, नाकातून डोकावणारा एक एकटा केस. दुरुस्तीवाल्याने मनापासून काम केलं होतं. बुरशीचा कणही ठेवला नव्हता. मामांची लेन्स मुळात नव्या लेन्सलाही मागे टाकणारी निघाली.

“काय झालं?” साहेबांनी विचारलं.

“काही नाही, साहेब. उजेड बघतोय.” बारकाव्यांनी पाठ फिरवली, लेन्सवर तोंडाने जोरात वाफ सोडली, गर्रकन वळून डोळा लावला. धुकं छान होतं, पण बटण दाबेपर्यंत विरलं. पुन्हा पाठ, पुन्हा वाफ, पुन्हा गिरकी.

“बारकावे, तुम्हाला धाप लागलीय का?”

“हा... नाही साहेब... हा...”

“बसा जरा. पाणी प्या.”

“हलू नका साहेब! हा...”

असं बराच वेळ चाललं. शेवटी चक्कर यायला लागली तेव्हा त्यांनी थांबून कॅमेरा साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी फोटो बघितले. नाकातल्या केसापाशी ते थोडे रेंगाळले. मग “हं” म्हणाले आणि कोट काढून ठेवला. मुख्य कार्यालयाला ओळखपत्रावरचाच फोटो गेला.

संध्याकाळपर्यंत बातमी ऑफिसभर झाली, दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये. बारकाव्यांच्या टेबलापुढची रांग पाण्यासारखी ओसरली. ताईंनी फोनवर “अरेरे, गेली का हो ती?” असं विचारलं, जणू घरातलं माणूस गेलं. बारकावे वरवर हळहळले. आतून मात्र त्यांना सुट्टी लागल्यासारखं वाटत होतं. ते दोन्ही लेन्स घेऊन फिरायला लागले. भिंती काढल्या, पानं काढली, गंजलेलं कुलूप काढलं. कोणी म्हणून कुरकुर केली नाही.

हे सुख पंधरवडाभर टिकलं. मग साहेबांनी पुन्हा बोलावलं. आत गेल्यावर त्यांनी उठून स्वतः दार लावलं.

“आपले उपव्यवस्थापक,” साहेब हळू आवाजात म्हणाले, “त्यांचंही नाव वरच्या जागेसाठी गेलंय म्हणे. त्यांनाही फोटो लागेल. तुम्ही काढून द्या.”

“पण साहेब, ती लेन्स आता...”

“कळलं मला. तीच वापरा. आता जशी आहे तशी.” साहेबांनी बारकाव्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “जरा जवळून काढा.”

बारकावे बाहेर येतात तो ताईंचा फोन. “अहो, माझ्या पार्लरच्या समोरच कोणीतरी नवीन पार्लर काढतेय. तिला पाटीसाठी फोटो हवाय. मीच म्हटलं, आमचे मेहुणे काढून देतील, माझ्याकडून भेट म्हणून. ती मिशी दाखवणारी लेन्स आणाल ना?”

आणि रांग परत लागली. फरक एवढाच, की आता स्वतःचा फोटो कोणालाच नको होता. कोणाला वहिनीचा हवा होता, कोणाला घरमालकाचा, टायपिस्ट बाईंना बढती मिळालेल्या मैत्रिणीचा. बारकाव्यांनी एकेकाला नाही म्हणायला सुरुवात केली. ‘नाही’ म्हणण्यात इतका दिवस जाऊ लागला की फोटो काढायला वेळ उरेना.

एका सुट्टीच्या सकाळी ते खिडकीशी बसून लेन्स पुसत होते. बायको केस विंचरून समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

“जगाचे काढलेस. आता माझा काढ.”

बारकाव्यांना एकदम जाणवलं, की या सगळ्या धांदलीत तिचा एकही फोटो काढलेला नाही. ते घाईने म्हणाले, “काढतो ना! बुरशी असती तर...”

“असती तर काय?”

बारकावे थबकले. “नाही, म्हणजे, तुला तिची गरजच नाही. नव्या लेन्सने काढतो.”

“म्हणजे माझी छिद्रं मोजणार?”

“मग मामांच्या लेन्सने...”

“तिच्यातून तर साहेबांच्या नाकातला केस दिसला होता.”

बारकावे एका हातात एक, दुसऱ्या हातात दुसरी लेन्स धरून उभे राहिले. ठोकलेली गाडी समोर आहे आणि चालक आपणच आहोत, असा त्यांचा चेहरा झाला. बायकोला राहवेना. ती खुर्चीत मागे रेलून खदाखदा हसायला लागली. बारकाव्यांनी हाताला लागली ती लेन्स चढवली. तिचं हसू बघून त्यांनाही हसू फुटलं होतं, तशातच त्यांनी बटण दाबलं.

फोटो बघितला आणि त्यांनी कपाळाला हात लावला. आयुष्यात त्यांच्या हातून असला फोटो निघाला नव्हता. “हलला. पुन्हा बस.”

“दाखव.” तिने कॅमेरा ओढून घेतला. खुर्चीची कड दोनदा आली होती, डोळे मिटलेले, तोंड उघडं, हात उडून फ्रेमच्या बाहेर गेलेला. ती बघत राहिली. “हाच.”

“अगं, कशावरच फोकस नाहीये त्यात!”

“नसू दे. मी हसतेय ना, ते दिसतंय.”

त्याच दुपारी तिने तो मोठा करून आणला, काचेच्या चौकटीत बसवला आणि दिवाणखान्यात दारासमोरच टांगला. खाली चिठ्ठीही लावली, ‘फोटो: बारकावे’. तेव्हापासून घरी कोणी फोटोतलं कळणारा आला की बारकावे लगबगीने उठतात, त्या चौकटीला पाठ टेकून उभे राहतात, आणि पाहुणा जाईपर्यंत मुळीच हलत नाहीत.