पेठे सरांच्या गच्चीवरची भरती

नाशिकला समुद्र नाही, हे पेठे सरांना मान्य नाही. गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसच्या गच्चीवर रोज भरती येते. वेळ त्यांच्या कोकणातल्या गावाची. समोर कुणीही बसलेलं असो, सर "आली, आली!" म्हणत जिना चढतात आणि तिवरांच्या टबांत मिठाचं पाणी ओततात. तिवर म्हणजे खाडीच्या चिखलात वाढणारं झाड. ओहोटीला टबाचं बूच मी काढते. आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. "यासाठी कालेज केलं का?" असं आई अधूनमधून विचारते.

सर लँडस्केप आर्किटेक्ट. समुद्र वर चढतोय, वादळं वाढलीत. तर किनाऱ्यावरच्या गावांनी कुठे झाडं लावायची, कुठे वाळूच्या टेकड्या राखायच्या, कुठून मागे सरायचं, याचे नकाशे आम्ही करतो. दगडी बंधारा म्हटलं की सरांना ठसका लागतो. "अहो, समुद्र पाहुणा आहे! ओटीवर जागा ठेवा, नाहीतर सरळ देवघरात येतो."

मिसळ खाताना तर विचारूच नका. ताटात पाव उभा करतात. "हा बंधारा." वर तर्री ओततात. पाव भिजून आडवा. "बघितलंस? आता ही शेव, म्हणजे माझी तिवरं." शेव तर्री पिऊन फुगते, सर खूश. वेटर लांबूनच विचारतो, "सर, अजून एक लाट आणू का?"

एकच नकाशा वर्षभर अडला होता, त्यांच्या स्वतःच्या गावाचा. खाडीकाठच्या घरांची पहिली ओळ मागच्या चढावर न्यायची आणि मोकळ्या जागेत तिवरं लावायची. त्या ओळीत सरांची थोरली बहीण, माई, एकटी राहते. ती हलायला तयार नाही. सोमवारी गावात सभा होती.

शनिवारी आई बाजारात झेंडू देऊन ऑफिसात आली. रिकामं बसणं तिला जमत नाही. मी चहा करेपर्यंत तिने गच्चीवरचे दोन टब खुरपून काढले.

"लय माजलं होतं," मूठभर काड्या दाखवत ती म्हणाली.

सर किंचाळलेच. "अहो ताई, ती झाडाची नाकं आहेत! चिखलातून वर येऊन श्वास घेतात!"

"झाडाला नाक?" आईने माझ्याकडे पाहिलं. "आन् तू म्हणतीस, साहेब लय शिकलेले."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सर मात्र हसत सुटले आणि तिला चहाला खाली घेऊन आले. टेबलावर गावाचा नकाशा पसरलेला, हलवायच्या घरांवर लाल रेघा मारलेल्या.

"या ओळीत सगळ्या घरांवर लाल रेघ, हे एकच का ऱ्हायलं?" आईने बोट ठेवलं.

"बहिणीचं आहे," सर म्हणाले. "आई गेल्यावर तिने मला तिथेच वाढवलं. तिला कसं सांगू, ऊठ म्हणून?"

"मग बाकीच्यांनी तुमचं काय म्हणून ऐकायचं?"

सरांनी लाल पेन्सिलीला टोक केलं. पुन्हा केलं. मग त्या घरावर रेघ मारली, चढावर नवा चौकोन काढला, खाडीच्या बाजूला खिडकी दाखवली आणि फोन लावला.

"माई, उद्या येतोय. नाही गं, समजवायला नाही. सामान बांधायला."

पलीकडून माई बोलू लागली आणि सर मान हलवू लागले.

"हो, पाटा-वरवंटा पण... हो, तुळस वृंदावनासकट... पायरीचा दगड? माई, तो चौघांना उचलत नाही."

त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"बरं. तोही नेऊ."