राजापेठेतलं स्थळ

"लोकं प्याले लपून जातेत, अन् मी सोडाले लपून जाऊन राहिलो," शर्टाच्या गुंड्या लावत शालिकराम कपाटाशी पुटपुटला.

"हळू बोला," ज्योत्स्ना म्हणाली. "आत्याबाईची खिडकी उघडी हाय."

अमरावतीला राजापेठेतल्या एका शाळेत दर रविवारी चार वाजता दारू सोडलेले आणि सोडू पाहणारे लोक जमतात, हे ज्योत्स्नाला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं. तिवस्यात ते कुणाला कळू द्यायचं नव्हतं. तसं शालिकराम पितो हे सगळ्यांना माहीत होतं. स्टँडवरच्या कुत्र्यांनाही, कारण रात्री त्याला दारापर्यंत सोडायला तीच येत. पण भावकीत तो शब्द कुणी तोंडावर आणत नसे. 'शालिकची तब्येत जराशी नरम असते,' एवढंच म्हणायचं. आज तब्येतीला आराम पडून नऊ दिवस झाले होते.

"एक डाव येतो," त्याने बायकोला बजावलं होतं. "जमलं तं जमलं. नाई तं पुन्हा नाव काढाचं नाई."

दोघं ओट्यावर आली तोच शेजारच्या पार्बता आत्या समोर. "रविवारी इस्तरीचा शर्ट? कुठी चालले, बाप्पा?"

"अमरावतीले."

"कावून?"

दवाखाना म्हटलं, तर आत्या डबा घेऊन सोबत निघाल्या असत्या. बाजार म्हटलं, तर यादी आली असती. तेरवी म्हटलं, तर कोण गेलं ते सांगावं लागलं असतं. ज्योत्स्नाच्या तोंडून निघून गेलं, "स्वप्निलसाठी पोट्टी पाहाले."

स्वप्निल म्हणजे शालिकरामचा पुतण्या. पुण्यात नोकरी, वय एकतीस, लग्न अडलेलं. आणि मुलगी पाहायला आपल्याकडे दोघंच कधी जात नाहीत, हे ज्योत्स्ना घाईत विसरली.

अर्ध्या तासात दारात जीप उभी होती आणि तिच्यात सात जण. पुढच्या सीटवर धुतलेली टोपी घालून नत्थुजी मामा. त्यांनी आजवर सव्वीस लग्नं जुळवली होती आणि सव्वीसही वेळा मुलाच्या चालचलणुकीची हमी स्वतः दिली होती. आत्यांच्या मांडीवर नारळ, खण आणि कुंकवाची डबी.

"सूनबाई, पोट्टीचा बाप काय करते?" मामांनी मागे वळून विचारलं.

"ते... शाळेत भेटतेत."

"मास्तर! मंग ठीक हाय."

वाटेत मोझरी आली तसा शालिकराम बायकोच्या कानाशी लागला. "वापस जाऊ. मले घाम सुटून राहिला."

"नऊ दिवस," ज्योत्स्ना एवढंच म्हणाली आणि त्याचा हात धरून बसली.

शाळेत वरच्या वर्गात बाकं भिंतीला लावून खुर्च्या गोल मांडलेल्या. चौदा माणसं आणि केटलीतून चहा ओतणारी एक बाई. किसनराव नावाचे पिकल्या केसांचे गृहस्थ हात जोडून उठले. "या, या. पहिल्यांदाच आले न? अन् घरचे संगं! आमच्या संगं कुत्रंबी आलं नव्हतं."

"घराणं मोकळं दिसते," मामा कुजबुजले.

आत्यांनी तर सरळ जाऊन चहावाल्या बाईंना कुंकू लावलं. "तुमी पोट्टीच्या माय का?"

"मी आशाबाई. मले चौदा महिने झाले."

आत्यांनी त्यांच्या पोटाकडे पाहिलं आणि डबी बंद केली.

सगळे बसले. किसनराव म्हणाले, "इथं जबरदस्ती नाई. ज्याले वाटन त्यानं आपल्याबद्दल बोलावं."

बोलायचं म्हटल्यावर मामा कशाला थांबतात! टोपी सारखी करून उभे राहिले. "मी नत्थुजी. आमचं खानदान सात पिढ्यांचं. पोट्टा पुण्यात हाय, पगार चांगला हाय. अन् छातीवर हात ठेवून सांगतो, आमच्या घरात दारूच्या थेंबाले कोणी शिवलं नाई!"

चौदा माणसं मामांकडे अपार मायेने बघत होती.

"पहिल्या दिवशी मीबी हेच म्हटलं होतं," कोपऱ्यातून एक आवाज आला.

"बसा भाऊ. च्या घ्या," किसनरावांनी कप पुढे केला. "हळूहळू होते."

"हळूहळू काय होते? अजी, मी पीतच नाई!"

"हो, हो," सगळे एका सुरात म्हणाले.

मामांचे कान लाल झाले. सव्वीस लग्नांत असा अपमान झाला नव्हता. ते गर्रकन वळले. "शालिक! उठ, सांग याईले! आपल्या घरात कोण पिते?"

तिवस्याची माणसं एकदम इकडेतिकडे बघू लागली. कुणी पंख्याकडे, कुणी फळ्याकडे. आत्यांनी नारळ छातीशी धरला. दार उघडंच होतं, शालिकरामच्या खुर्चीपासून दोन पावलांवर. तो उठून दाराकडे वळला, तेव्हा ज्योत्स्नाने डोळे मिटून घेतले.

जिन्यावर पावलं वाजली नाहीत.

"मी पितो, मामा," शालिकराम म्हणाला. "तुमाले माईत हाय, आत्याले माईत हाय, साऱ्या गावाले माईत हाय. मी दारुडा हाय."