दोन टाक्या आणि सात मुक्काम

एकतीस वर्षं लिफ्टची तपासणी केलेल्या माणसाने निवृत्तीनंतर मोटारहोम विकत घेऊ नये, आणि घेतलीच तर निदान ती तपासू नये. आपल्या तपासनीसांनी दोन्ही केलं. नोकरीत असताना त्यांना पाठीमागे सगळे ‘नापाससाहेब’ म्हणत. लिफ्ट वर जाऊन सुखरूप खाली आली तरी हे गृहस्थ दाराचा खटका हलवून म्हणायचे, “आज आली. उद्याचं काय?”

गाडी घेतली ती बायकोसाठी. तिची थोरली बहीण, म्हणजे ताई, समुद्राकाठच्या गावी एकटी राहायची. ताईच्या गुडघ्यांनी प्रवासाला कायमची रजा दिलेली, आणि बायकोच्या कमरेला बसून प्रवास सोसत नव्हता. आडवं पडून जाता येईल अशी गाडी आणली, की झालं. तपासनीसांनी बायकोच्या कमरेच्या हिशोबाने दिवसाला जेमतेम नव्वद किलोमीटर धरून सात मुक्कामांचा नकाशाही काढला. पुलाअलीकडची सावली, टेकडीखालची विहीर, सगळं त्यात होतं. फक्त निघणं तेवढं राहिलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

कारण तपासणीची यादी चौसष्ट कलमांची होती. एका वर्षी वायपर नापास, एका वर्षी टायर, एका वर्षी तर आतल्या पलंगाची एक बिजागरी. बायको दर वर्षी पिशवी भरायची आणि दर वर्षी रिकामी करायची. ती भांडायची नाही, हेच तपासनीसांना जास्त लागायचं.

यंदा त्रेसष्ट कलमं पास झाली. चौसष्टावं कलम गॅसच्या टाक्यांचं. दोन टाक्या, पुन्हा पुन्हा भरून घ्यायच्या, पलंगाखालच्या कप्प्यात बसवलेल्या. तपासनीसांनी भिंग लावून गळ्यावरची तारीख वाचली आणि मटकन खालीच बसले. मुदत गेल्याच महिन्यात संपलेली. पहिल्या दिवशी काठोकाठ भरून घेतलेल्या त्या टाक्या, एकदाही शेगडी न पेटवता, जागच्या जागी म्हाताऱ्या झाल्या होत्या.

गॅसवाला आला, साबणाचं पाणी लावून बघितलं, आणि म्हणाला की गळत नाहीत, आहे तो गॅस खुशाल वापरा, पण या पुन्हा भरता येणार नाहीत. नव्या बसवतो, मात्र जुन्या रिकाम्या झाल्याशिवाय हात लावणार नाही. आणि गॅस उगाच हवेत सोडलात तर माझ्याशी गाठ आहे. नियम ऐकून तपासनीसांना त्या माणसाबद्दल आदरच वाटला.

मग गॅस संपवायचा कसा? शिजवून. घरातली शेगडी बंद झाली आणि स्वयंपाक अंगणातल्या गाडीत सुरू झाला. आधी भांडी गेली, मग डबे गेले, मग दुपारी कोण परत आत जातंय म्हणून उशा गेल्या. आठवडाभरात दोघं गाडीतच राहायला लागली. तरी गॅसचा काटा हलेना. दोन माणसं खाऊन खाऊन किती खाणार? तपासनीसांनी शेजाऱ्यांना सहज म्हटलं, आंघोळीचं पाणी तापवायचं असेल तर आणा. दुसऱ्या दिवशी गाडीच्या दाराशी बादल्यांची रांग. समोरच्या शिंपीणबाई तर कापड रंगवायचं पातेलं घेऊन आल्या आणि दोन तास हलल्या नाहीत. त्या निळ्या रंगाचा वास उशांना लागला. पण बायको हसत होती. खिडकीचा पडदा सारून ती कुंपणाकडे अशी बघत बसायची, जणू पलीकडे गाव बदलणार आहे. तपासनीसांना ते बघवायचं नाही, आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही.

एका सकाळी ते गाडीखाली नट घट्ट करत होते. वरून बायकोचा आवाज आला. ती फोनवर ताईला सांगत होती, की काल टेकडीखाली विहिरीपाशी थांबलो, पाणी काय गोड होतं. तपासनीसांच्या हातातला पाना गळाला. विहीर त्यांच्याच नकाशातली होती. मुक्काम पाचवा.

ते बाहेर आले तेव्हा बायकोने फोन ठेवला होता. काही न विचारता तिने सांगून टाकलं. पहिल्या दिवशी ती ‘गाडीतून बोलतेय’ एवढंच म्हणाली होती. खरंच होतं ते. पण ताईला रडू कोसळलं, म्हणाली, निघालीस गं बाई एकदाची. त्यावर ‘नाही’ म्हणायला तिची जीभ रेटली नाही. तेव्हापासून नकाशा उघडून रोज थोडं थोडं पुढं जात होती.

“आणि सातवा मुक्काम संपल्यावर काय सांगणार होतीस?”

“गाडी बिघडली म्हणून. नऊ वर्षं तेच सांगतेय ना.” तिने पडद्याची चुणी सरळ केली. “अहो, ताई आता ऐंशीला आली. मला तिला एकदा नुसतं बघायचंय.”

तपासनीसांनी यादी उघडली. मग त्यांनी चौसष्टाव्या कलमापुढे स्वच्छ अक्षरात ‘नापास’ लिहिलं, टाक्यांचे नळ बंद केले, शेगडीवरचं शिंपीणबाईंचं पातेलं त्यांना अर्धवट रंगासकट परत दिलं आणि गाडी सुरू केली. न थांबता गेलं तर रस्ता दोनच दिवसांचा होता. बायको मागे पलंगावर आडवी पडून खिडकीतून खऱ्या झाडांकडे बघत होती. पुलाअलीकडे सावली नव्हती. टेकडीखालच्या विहिरीत पाणीसुद्धा नव्हतं. तिला दोन्हीचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी ताईच्या दाराशी लागली. बायको खाली उतरली. एकदम समोर उभं राहिलं तर ताईला सोसायचं नाही, म्हणून तिने पायरीवरूनच फोन लावला.

“ताई, पोचलो गं. दारात उभी आहे.”

“आलीस? ये, ये.” उघड्या खिडकीतून तोच आवाज पुन्हा ऐकू आला. पण आत कोणी उठल्याची चाहूल नव्हती. “बस त्या खिडकीजवळ. दमली असशील. हे बघ, चहा टाकला. साखर कमीच घातलीय तुझी.”

बायकोने नवऱ्याकडे बघितलं.

“ताई, अगं खरंच...”

“असू दे गं. पहिल्या दिवसापासून मागे बादल्या वाजतायत, मला कळत नाही होय? अंगणातून का होईना, तू निघालीस. रोज वाट बघते मी तुझ्या फोनची.”

बायकोचे डोळे वाहत होते. तपासनीस पुढे झाले आणि त्यांनी दारावर थाप मारली.

“थांब हं,” ताई फोनवर म्हणाली, “मेलं आत्ताच कोणीतरी दारावर कडमडलंय. घालवून देते आणि येते. फोन ठेवू नकोस.”