पोहायला शिकल्याची आठवण

कऱ्हाडच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाला स्मृतीचं प्रात्यक्षिक असतं, आणि त्यात प्रत्येकाला आपली एक आठवण जोडीदाराला आठवडाभर वापरायला द्यावी लागते. पद्धत सोपी आहे. समोरासमोर बसायचं, डोळे मिटायचे आणि आठवण पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा सांगायची. सांगून झाली की ती सांगणाऱ्याकडे उरत नाही, ऐकणाऱ्याकडे जाते. परत करतानाही तसंच.

कल्याणी पिसाळच्या वाट्याला मिथुन भंडारे आला. लहानपणापासून वसतिगृहांत वाढलेला, मोजकं बोलणारा मुलगा. कल्याणीनं त्याला वडिलांनी विहिरीत पोहायला शिकवलं ती आठवण दिली. चांगली दणकट आठवण होती, आठवड्याभरात खराब होण्यासारखी नव्हती. मिथुननं दिली ती दिवाळीच्या सुट्टीची. सगळ्या पोरांना न्यायला कुणी ना कुणी आलंय, आणि हा फाटकाशी पत्र्याच्या पेटीवर बसून रस्त्याकडे बघतोय. अंधार पडला तरी बघतोय.

आठवडाभर कल्याणीला घास गोड लागला नाही. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की ती उठून खिडकीशी जायची.

परत करायच्या दिवशी मिथुन समोर येऊन बसला आणि म्हणाला, "माझी तुझ्याकडेच राहू दे. आणि तुझी मी देत नाही."

प्रकरण प्रात्यक्षिक घेणाऱ्या देशमाने मॅडमपुढं गेलं.

"भंडारे, आठवण परत केली नाही तर प्रात्यक्षिक अपूर्ण धरलं जाईल. गुण मिळणार नाहीत."

"नकोत, मॅडम."

"पण कारण काय?"

मिथुन खाली बघत म्हणाला, "त्या आठवणीत माझ्या पोटाखाली कुणीतरी हात धरलाय. मॅडम, तो हात सुटत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्या कल्याणीकडे वळल्या. "आठवण जबरदस्तीनं काढून घेता येत नाही, पिसाळ. ज्याच्याकडे आहे त्यानं आपणहून सांगावी लागते. विभाग पाठपुरावा करेल."

कल्याणी तणतणत बाहेर पडली. त्या संध्याकाळी गावाकडून वडिलांचा, आबांचा, फोन आला. बोलता बोलता ते हसून म्हणाले, "विहिरीला पाणी चांगलं आलंय बघ. तू माझ्या मनगटाला चावली होतीस, आठवतंय न्हवं?"

"नाही आबा," ती म्हणाली.

"बरं, असू दे," आबा म्हणाले. मग त्यांनी जेवलीस का विचारलं आणि फोन ठेवला. कल्याणी उशीत तोंड खुपसून रडली. मिथुनला शिव्या द्याव्यात म्हणून तिनं तोंड उघडलं, पण पत्र्याच्या पेटीवर बसलेलं ते पोर तिच्या डोळ्यांपुढून हलेना. शिव्या घशातच राहिल्या.

पुढच्या सोमवारी कळलं की मिथुननं कॉलेजच्या पोहण्याच्या निवड चाचणीला नाव दिलंय आणि ती आजच आहे. तेवढ्यात तास सुरू झाला. मॅडम शिकवत होत्या, "घडलेल्या प्रसंगाची आठवण वेगळी आणि हातापायांत मुरलेलं कसब वेगळं. एक गेलं म्हणून दुसरं जात नाही."

कल्याणी उभी राहिली. "मॅडम, मग आमच्या दोघांत पोहणं कुणाकडे आहे?"

"पिसाळ, तुमच्याकडेच. भंडारेंकडे फक्त शिकल्याची आठवण आहे."

"मिथुनची चाचणी आत्ता चाललीय."

"मग तुम्ही जा," मॅडम म्हणाल्या. "हजेरी लावते मी."

ती तलावावर धापा टाकत पोचली तेव्हा मिथुन खोल पाण्याच्या कडेला निर्धास्त उभा होता. शिट्टी झाली. त्यानं उडी मारली आणि दगडासारखा तळाला गेला. बाकीची मुलं पलीकडच्या काठाकडे निघाली होती, आणि चाचणी घेणाऱ्या सरांची नजर त्यांच्यावर होती. कल्याणीनं ओढणी फेकली आणि सूर मारला. आपल्याला कुणी शिकवलं हे तिला आठवत नव्हतं, पण हातपाय आपापलं काम करत होते. तिनं त्याच्या बखोटीला धरून त्याला वर आणलं.

पोटातलं पाणी बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "मला येत होतं गं."

"तुला आठवत होतं," कल्याणी म्हणाली.

तो गुडघ्यांत डोकं घालून बसला. मग त्यानं डोळे मिटले आणि तिथंच, ओल्या फरशीवर, तिची आठवण तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. आबांचं मनगट दातांखाली आलं तेव्हा कल्याणीला हसूही आलं आणि रडूही. मग तिनं त्याचं फाटक आणि पेटी त्याला परत केली. त्यानं ती मुकाट्यानं घेतली.

रविवारी ती त्याला गावी घेऊन गेली. आबांनी त्याच्या पाठीला रिकामा डबा बांधला, पोटाखाली हात धरला आणि त्याला पाण्यात आडवा केला. "पाय मार! अरं, मड्यावानी पडतोस काय? मार पाय!" मिथुननं पाणी प्यायलं, आबांच्या गळ्याला मिठी मारली, शिव्या खाल्ल्या. ऊन कलेपर्यंत हे चाललं होतं. निघताना आबा म्हणाले, "एका दिसात कुणाला पवायला येत नसतंय. फुडच्या आइतवारी ये."

परतीच्या एस.टी.त मिथुन खिडकीशी बसला. त्याचे केस अजून ओले होते.

"कसं वाटलं?" कल्याणीनं विचारलं.

तो सांगायला वळला, त्यानं तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं.

"नाही सांगणार," तो म्हणाला.

कल्याणीनं मान डोलावली आणि दोघांची तिकिटं काढली.