सतरा नंबरचा तोतया

अकराच्या ठोक्याला वाचनालयाच्या शांत कक्षात सिंह गरजला.

जज्जसाहेबांच्या हातून चष्मा पडला. ते कधीच जज्ज नव्हते, पण वीस वर्षं खिडकीजवळच्या एकाच खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरत आणि कोणी खोकलं तरी निकाल दिल्यासारखं बघत. सिंहाकडे मात्र बघायचं कुठे, ते त्यांना कळेना. सिंह भिंतीवरच्या ध्वनिपेटीतून बोलत होता. बालविभागात अकराला लागणारी मुलांची गोष्ट इथे लागली होती.

ग्रंथपालबाई धावत आल्या. "अगं, काय केलंस काय तू?"

"चोर पकडतेय, बाई," कोपऱ्यात तारांच्या गुंत्यात लॅपटॉप घेऊन बसलेली तरुणी म्हणाली.

या वाचनालयाच्या तारा तिच्या वडिलांनी ओढल्या, एकोणीस वर्षं राखल्या. ते जाऊन चार महिने झाले होते. महिन्यापूर्वी एका कंपनीने नवा सर्व्हर बसवला आणि तेव्हापासून यंत्रं अडखळत होती. जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो. तो वाटायचं काम सर्व्हरचं, पण आणखी कोणीतरी गुपचूप पत्ते वाटत होतं. बाई म्हणाल्या होत्या, "आज जमलं तर बघ. नाहीतर जुनं सगळं उपटायचं काम कंपनीला द्यावं लागेल." म्हणून ती रजा काढून आली होती.

अकराच्या जरा आधी तिने स्विचवर, म्हणजे सगळ्या तारा जिथे जुळतात त्या खोक्यावर, डीएचसीपी स्नूपिंग चालू केलं होतं. म्हणजे स्विचला बजावलं, की सर्व्हरची तार ज्या दारात खोचलीय तिथून येईल तो पत्ता खरा, बाकीचे तोतये. मग सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली. तोतया गप्प झाला. पण सर्व्हर कोणालाच ओळखत नव्हता. जो आधी आला त्याला त्याने पहिला पत्ता दिला, आणि बालविभागाचा पत्ता शांत कक्षातल्या ध्वनिपेटीला मिळाला.

तेवढ्यात बाईंच्या प्रिंटरमधून बदकं निघू लागली. रंगवायची, एकापाठोपाठ एक.

"आणि माझं पत्र?" बाईंचा चेहरा उतरला. "विश्वस्तांचं! कंपनीला काम द्यायची मंजुरी मागितलीय त्यात!"

"बालविभागात बघा," ती खालच्या आवाजात म्हणाली.

बाई तिकडे पळाल्या. तिने स्विचची नोंद उघडली. नाकारलेले सगळे पत्ते सतरा नंबरच्या दारातून आले होते. त्या दारातली तार धरून ती मासिकांच्या कपाटामागे गेली. तिथे धुळीत एक छोटी पेटी मिणमिणत होती. वर वडिलांच्या अक्षरात चिकटपट्टी : 'हलवू नये. विचारावे.'

विचारायचं कोणाला? तिने पेटीतली यादी उघडली. कोणत्या यंत्राला कोणता पत्ता कायमचा, ते वडिलांनी एकेक करून बांधून ठेवलं होतं, शेऱ्यासकट.

'बाईंचा प्रिंटर. सावकाश चालतो, रागावू नये.'

'शांत कक्ष, ध्वनिपेटी. जज्जसाहेब झोपतात, आवाज कमी.'

सर्वांत खाली : 'लेकीचा लॅपटॉप. येईल तेव्हा.'

तो लॅपटॉप कॉलेजातला. मोडीत जाऊन सात वर्षं झाली होती. पत्ता तसाच रिकामा होता.

बाई परतल्या तेव्हा ती जमिनीवर बसली होती. "सापडला का चोर?"

"सापडला. बाबा."

बाईंनी चिकटपट्टी वाचली आणि पदराने पेटीवरची धूळ पुसली. "निवृत्त झाले तेव्हा कपाटाची किल्लीही दिली नव्हती हो त्यांनी. मागितली तर म्हणाले, हरवली."

तिने सर्व्हरचं पत्तेवाटप बंद केलं आणि सतरा नंबरचं दार खरं ठरवलं. सगळं परत चालू केल्यावर बदकं मुलांकडे गेली. मग यादीतल्या शेवटच्या ओळीत तिने आपल्या नव्या लॅपटॉपचा क्रमांक भरला. शेरा बदलला नाही.

"तुला कशाला गं इथे पत्ता? तू काय रोज येणारेस?"

"बाबांनी जागा धरून ठेवलीय."

"म्हणजे रुमाल टाकून गेले म्हण की!" बाई हसल्या आणि लगेच दुसरीकडे बघू लागल्या. मग त्यांनी हातातलं पत्र उलगडलं. कंपनीच्या नावावर हिरवा सिंह बसला होता, आणि सहीच्या जागी सूर्य उगवला होता.

"हे काही आता विश्वस्तांना पाठवण्यासारखं राहिलं नाही," असं म्हणत त्यांनी ते कपाटावर चिकटवलं, पेटीच्या बरोबर वर.

दारात जज्जसाहेब उभे होते. ते घसा खाकरून म्हणाले, "त्या सिंहाचं पुढे काय झालं? अर्ध्यातच बंद केलंत."