चार वाजताचा कोला

अप्पा टिपणीस कोला बशीत ओतून पितात. तोही फुंकर मारून. गारेगार कोल्यावर फुंकर कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "फेस बसतो."

मॅट्रिक पास झाल्यावर वडिलांनी त्यांना इराण्याकडे नेऊन पहिली बाटली पाजली. घरच्या चहाच्या सवयीने अप्पांनी ती बशीत ओतली, आणि हाताला पडलेलं ते वळण आजतागायत सुटलेलं नाही. चहाला ते "आजाऱ्याचा काढा" म्हणतात. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीच्या मामांनी दबक्या आवाजात विचारलं, "पिता का?" अप्पा म्हणाले, "रोज. चार वाजता." लग्न मोडता मोडता राहिलं.

आमच्या भाईंदर पश्चिमेच्या सोसायटीखालचा दुकानदार त्यांना बघूनच हात जोडतो. अप्पा फ्रीजमध्ये कोपरापर्यंत हात घालणार, सगळ्यात मागची बाटली काढणार, गालाला लावणार आणि परत ठेवणार.

"शेठ, ये खाली ठंडा है. मेरेको एकदम ठंडा मंगता."

"अंकल, इससे ठंडा तो जम जाएगा!"

"वो मेरा गाल बोलेगा."

एकदा मेहुण्याने कौतुकाने बिनसाखरेचा कोला आणला. अप्पांनी एक घोट घेतला, उरलेला कुंडीत ओतला आणि कुंडीची माफी मागितली.

यंदा गणपती झाल्यावर अप्पा एके दिवशी आमच्या दारात उभे. शर्टाखाली बाटली. "सूनबाईने शुगरचा रिपोर्ट वाचला. घरात बंदी. तुमच्या फ्रीजमध्ये ठेवाल?"

मी रिटायर माणूस. मला कुणी भाजीच्या निवडीतही विचारात घेत नाही, इथे तर थेट कटात घेतलं! मी खूश. मग अप्पा रोज चारला येऊ लागले. बशी मागायचे, भुरके मारायचे, दुनियेच्या गप्पा हाणायचे आणि निघताना दारात न चुकता कुजबुजायचे, "सूनबाईने काही विचारलं?"

"नाही."

"शाब्बास."

आमची सुनंदा मात्र वैतागली. "त्यांना शुगर आहे आणि तुम्ही रोज साखरेचं पाणी पाजताय. उद्या काही झालं तर त्या पोरीला कोणतं तोंड दाखवणार आहात?" बायकोचं नेहमीप्रमाणे खरं होतं. रविवारी सकाळी अप्पा भाजी आणायला गेलेले बघून मी त्यांच्या विंगमध्ये गेलो. सूनबाईला सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. शाळेत चहाडी करायला जाताना वाटायचं तसं वाटत होतं.

दाराला कुलूप. समोरच्या शाहभाभी बाहेर आल्या.

"किसको ढूंढते हो? बेटा-बहू तो गणपती के बाद बंगळूर शिफ्ट हो गए ना! काका अकेले ही हैं. कुछ देना है तो मेरे पास चाबी है, फ्रिज में रख दूंगी. पूरा खाली ही पड़ा है."

मी जिना उतरता उतरता मधल्याच पायरीवर बसलो. जिच्यापासून बाटली लपवायची, ती सूनच घरात नव्हती. स्वतःचा अख्खा फ्रीज रिकामा ठेवून हा माणूस शर्टाखाली बाटली घेऊन आमचे दोन जिने चढत होता. एकटं वाटतं, तुमच्याकडे येऊन बसू का, एवढंच त्यांना म्हणता येत नव्हतं. आणि मी मूर्ख, कटात सामील झाल्याच्या आनंदात. माझे डोळे भरून आले, ते खोटं कशाला सांगू.

सोमवारी अप्पा आले. सुनंदाने बशीत जेमतेम चार घोट ओतले आणि पुढे मुरमुऱ्याचा चिवडा ठेवला. बशीत एवढं कमी का, असं अप्पांनी विचारलं नाही. चार घोटांवर सव्वा तास बसले. निघताना दारात कुजबुजले, "सूनबाईने काही विचारलं?"

"विचारलं ना," मी म्हणालो. "आज सकाळीच जिन्यात भेटली. मी सांगितलं, अप्पा आमच्याकडे फिरकतसुद्धा नाहीत."

अप्पा माझ्याकडे बघतच राहिले. सूनबाई बंगळूरला आहे हे त्यांना ठाऊक होतंच. ते मलाही ठाऊक झालंय, हे त्यांना आत्ता कळलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसत होते.

"उद्या जरा लवकर आलो तर चालेल? साडेतीनला?"

"जेवायलाच या," सुनंदा आतून म्हणाली.