समोरच्या घरची भांडी

आमच्या घरात दोन देशविघातक गोष्टी चालतात, हे मला अर्थवृद्धी खात्याच्या साहेबांकडून समजले. मी घड्याळे दुरुस्त करतो. देशाचे एवढे नुकसान करायला मला वेळ कधी मिळाला, याचेच नवल वाटले.

पहिली गोष्ट म्हणजे कपाटातला डबा. त्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे होते, माझ्या बायकोने पोटाला चिमटा काढून साठवलेले. "हा पैसा झोपलाय हो," साहेब कळवळून म्हणाले. "पैसा कसा फिरता हवा!" दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द बायको. स्वयंपाक, धुणी, भांडी, आईच्या डोळ्यांत औषध घालणे, एवढे सगळे ती करते आणि राष्ट्रीय उत्पन्नात तिच्या नावावर भोपळा!

उपायही साहेबांनीच आणला होता. उद्यापासून हिने समोरच्या शिंप्याकडे काम करायचे, शिंपीणबाईंनी आमच्याकडे. दोघींना पगार, पगारावर कर. काम तेवढेच, भांडी तेवढीच, पण उत्पन्न दोन घरांनी वाढणार.

"अहो, पण मी माझ्याच घरची भांडी घासली तर काय बिघडलं?" हिने विचारले.

"ताई, ती करचुकवेगिरी होईल."

झाले! डब्यातला पैसा फिरू लागला. आम्ही शिंपीणबाईंना द्यायचे, शिंप्याने हिला द्यायचे, आणि दर फेरीला साहेबांनी मध्ये उभे राहून सरकारचा वाटा काढून घ्यायचा. बघता बघता डब्याचा तळ दिसला. मग बँकेने आपण होऊन पगारकर्ज दिले. गल्लीची भरभराट पाहून खात्याने आम्हाला प्रशस्तिपत्र दिले. ते फ्रेम करण्यासाठी आणखी थोडे कर्ज काढावे लागले.

इकडे आईला दार कुठे आणि भिंत कुठे, हे कळेनासे झाले. एक दिवस ती चाचपडत कपाटावर आपटली आणि माझा जीव कळवळला.

"साहेब, माझ्या आईचे पैसे गेले कुठे?"

"जातील कुठे? विकासदरात आहेत."

"मग तो दर डॉक्टरांना नेऊन देऊ का?"

साहेब मंद हसले. तेवढ्यात ही पुढे झाली. "साहेब, तुमच्या घरी भांडी कोण घासतं?"

"आमची मिसेस."

"पगार किती देता?"

साहेबांनी टायची गाठ सैल केली. "हा जरा... घरगुती प्रश्न आहे."

मला हसू आवरेना. ही गर्रकन माझ्याकडे वळली. "तुम्ही कसले दात काढताय? लग्नापासूनचा माझा पगार थकवलाय तुम्ही!"

साहेबांचा चेहरा उजळला. थकलेला पगार म्हणजे देणे, ते चुकते केले की उत्पन्न, आणि उत्पन्न म्हटले की कर! ते स्वतः मला हाताला धरून बँकेत घेऊन गेले. कर्जाची रक्कम हिच्या हातात पडली, कर कापला गेला, आणि उरलेल्या पैशांत आईचे ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर आईने मला नीट न्याहाळले. "किती रे उतरलास! कर्जबिर्ज काढलंस की काय?"

पण ही बातमी गल्लीत राहते थोडीच! शिंपीणबाईंनी थकबाकी मागितली, मग सगळ्या शहराने, मग साहेबांच्या मिसेसनी, आणि शेवटी मंत्र्यांच्या पत्नीने. राष्ट्रीय उत्पन्न एका आठवड्यात दुप्पट झाले आणि देशातल्या यच्चयावत नवऱ्यांचे दिवाळे निघाले. सत्ताधारी आणि विरोधक प्रथमच एकमताने उभे राहिले. रातोरात परिपत्रक निघाले: घरकाम हे प्रेमाचे कार्य असून प्रेमाचे मोल होऊ शकत नाही, सबब सर्व दावे रद्द.

तेव्हा, वाचकहो, तुम्हीही सुटलात. हे वाचताना हातात चहाचा कप असेल, तर तो तुम्हाला निव्वळ प्रेमापोटी मिळालेला आहे. सरकारनेच तसे जाहीर केले आहे. वाचून झाले की कप तिथेच ठेवा. उचलेल कुणीतरी.